लिंकन मार्क एट जंकयार्डात दिसली, तर आधी काय काढायचं

पहिल्यांदा जंकयार्डात लिंकन मार्क एट सापडली तेव्हा मी सकाळचे तीन तास चाकं आणि पुढचा पंखा काढण्यात घातले. दोन्ही घेऊन खुशीत घरी आलो. डिकीवरचा निऑनचा ब्रेकलाइट पुढच्या शनिवारी काढू म्हटलं. पुढच्या शनिवारी त्या जागी दुसरीच गाडी उभी होती. तसली चाकं मला नंतर दोनदा मिळाली. तसा अखंड दिवा मिळायला चार वर्षं लागली.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: जे पुन्हा बनत नाही आणि जे नाजूक आहे ते आधी काढायचं. जड आणि चकचकीत वस्तू नंतर.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. शेजारच्या विक्सममधल्या फोर्डच्या कारखान्यात १९९३ ते १९९८ या मॉडेल-वर्षांच्या मार्क एट बनल्या. कारखाना २००७ साली बंद झाला, पुढे इमारतीही पाडल्या. गाड्या मात्र अजून इथल्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात आणि त्याहून जास्त यार्डात दिसतात. दोन दारं, ४.६ लिटरचा ३२ व्हॉल्व्हचा अॅल्युमिनियम व्ही-८, साध्या मॉडेलला २८० अश्वशक्ती आणि एलएससी या वरच्या मॉडेलला २९०, चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन. ताशी ५५ मैलांच्या वर गेली की गाडी स्वतःहून जवळजवळ पाऊण इंच खाली बसते. ही गाडी जपणाऱ्यांना सुटे भाग आता शोरूममधून मिळत नाहीत, यार्डातूनच आणावे लागतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. बहुतेक गोष्टी त्याच काळातल्या कॅडिलॅक एल्डोराडो आणि ब्यूइक रिव्हिएरालाही लागू पडतात.

दुर्मिळ काय आणि नुसतं महाग काय

नव्या माणसाची इथेच गल्लत होते. इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर या महाग वस्तू आहेत, पण दुर्मिळ नाहीत. मार्क एटचा ४आर७०डब्ल्यू गिअरबॉक्स त्या काळच्या फोर्डच्या कितीतरी गाड्यांत आहे. मागच्या-पुढच्या सस्पेन्शनचे बरेच सांधे १९८९ ते १९९७ च्या थंडरबर्ड आणि कूगरशी जुळतात, कारण तिन्ही गाड्या एकाच कुळातल्या. चाकांच्या पाच बोल्टांचा १०८ मिलिमीटरचा घेरही तोच. मस्टँगचा वेगळा, म्हणून मस्टँगची चाकं बसत नाहीत. रिव्हिएराचं सुपरचार्जरवालं ३८०० इंजिन पॉन्टिअॅक बॉनव्हिल आणि ब्यूइक पार्क अॅव्हेन्यूतही मिळतं. त्यासाठी रिव्हिएरा धुंडाळायची गरज नाही.

खरी दुर्मिळ असते ती फक्त त्या दोन-दारी बॉडीची वस्तू. लांब दाराचा वरचा रबरी सील, मागच्या बाजूची न उघडणारी काच, मागे बसायला वाट देण्यासाठी पुढची सीट झुकवणारी यंत्रणा, दिव्यांचे संच, बंपरवरच्या पट्ट्या. कूपेचं, म्हणजे दोन-दारी गाडीचं, दार सेदानपेक्षा बरंच लांब आणि जड असतं. त्याचं वजन बिजागरीवर येऊन पंचवीस-तीस वर्षांत खिळा झिजतो आणि दार लोंबू लागतं. म्हणून यार्डातलं दार हाताने वर उचलून बघायचं. ते हललं नाही तर ती बिजागरी सोन्यासारखी समजा. सव्वा लाखाच्या आसपासच मार्क एट बनल्या. कुणी नवा साचा करून हे भाग पुन्हा ओतेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

गाडी शोधणं

यार्ड दोन प्रकारची. एकात तेच लोक भाग काढून देतात, किंमत जास्त. दुसऱ्यात आपण पाना घेऊन आत जायचं. मुंबईत कुर्ल्याला जुना पार्ट घेताना दुकानदार तो काढून समोर ठेवतो. इथे काढायचं काम आपलं, आणि काढताना मोडला तर तेही आपलंच. पिक-एन-पुल, पुल-अ-पार्ट, एलकेक्यूचं पिक युअर पार्ट ही दुसऱ्या प्रकारातली मोठी नावं. त्यांच्या साइटवर कुठल्या रांगेत कुठली गाडी आणि ती कधी आली हे दिसतं. आलेल्या तारखेकडे नीट लक्ष द्या. गाडी तिथे काही आठवडेच राहते, मग चेपून श्रेडरला, म्हणजे गाड्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राला, जाते. आलेल्याच आठवड्यात पोचलात तर दिवे शाबूत मिळतील. महिन्याभराने पोचलात तर कुणीतरी घाईत डॅशबोर्ड उचकटलेला असेल.

कुठला भाग कुठल्या वर्षाच्या कुठल्या गाडीला बसतो हे हॉलंडर या सुट्या भागांच्या सूचीतल्या अदलाबदल क्रमांकावरून कळतं. पहिल्या प्रकारच्या यार्डांना फोन करताना तो क्रमांक सांगितला की समोरचा माणूस लगेच नीट बोलतो.

आणखी एक. मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या खालचं लोखंड खाल्लेलं असतं, पण आतलं प्लॅस्टिक आणि चामडं बऱ्या अवस्थेत असतं. अॅरिझोनात नेमकं उलटं. खालचा बोल्ट हाताने सुटेल असा, पण डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला. म्हणून मी धातूचे भाग फिनिक्सच्या मावसभावाला सांगून मागवतो आणि आतले इथलेच घेतो.

गाडी ओळखणं

विंडशील्डच्या कोपऱ्यातला १७ अक्षरा-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. सहावं आणि सातवं स्थान ९१ असेल तर साधी मार्क एट, ९२ असेल तर एलएससी. आठवं अक्षर व्ही म्हणजे ३२ व्हॉल्व्हचं इंजिन. दहावं अक्षर वर्षाचं: पी म्हणजे १९९३, आर १९९४, एस १९९५, टी १९९६, व्ही १९९७, डब्ल्यू १९९८. हे एवढ्यासाठी बघायचं की १९९७ ला पुढचा-मागचा चेहरा बदलला. त्याआधीचे दिवे आणि बंपर नंतरच्या गाडीला बसत नाहीत. एलएससी असेल तर मागचा डिफरेन्शिअल ३.२७ गिअर-गुणोत्तराचा, साध्या गाडीत ३.०७ चा. एलएससीचा घेतलात तर गाडी जरा चपळ उठते.

पिशवीत काय न्यायचं

७, ८, १०, १३, १५ आणि १८ मिलिमीटरचे सॉकेट, त्यातले १० आणि १३ चे लांब प्रकारातलेही. टॉर्क्सचा संच टी-५० पर्यंत, कारण सीटबेल्टचे बोल्ट टी-५० चे असतात. लांब एक्सटेन्शन, ब्रेकर बार, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, वायर कटर, ट्रिम उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. पेट्रोलच्या नळ्यांचे स्प्रिंगचे सांधे सोडवायला त्याचं खास हत्यार लागतं. ते पाच-दहा डॉलरला मिळतं आणि त्याच्यावाचून सांधा मोडण्यापलीकडे काही होत नाही. दिवे तपासायला छोटी जंप पॅक, म्हणजे हातात नेता येणारी बॅटरी. जुने टॉवेल, झिपलॉक पिशव्या, मार्कर. जाड बुटांशिवाय आत सोडत नाहीत. गॅस कटर आणि ग्राइंडरला बहुतेक ठिकाणी बंदी असते. जॅकही नेऊ देत नाहीत, कारण गाड्या वेल्ड केलेल्या जुन्या रिमांच्या घोड्यांवर ठेवलेल्या असतात. खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही बाजूंनी जोर लावून हलवून बघा. जरा जरी डुगडुगली तरी खाली जायचं नाही, मग हवा तो भाग असो.

आणि थर्मासभर कढत पाणी. त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला तास: दिवे

१९९७-९८ च्या मार्क एटला डिकीच्या झाकणावर आडवा निऑनचा ब्रेकलाइट आहे. आतली काचेची नळी लांबलचक आणि पातळ असते. डिकीचं झाकण कुणी आपटायच्या आत हा काढायचा, म्हणून तो सगळ्यात आधी. झाकणाच्या आतलं अस्तर क्लिपा न तोडता सोडवा, मग नट दिसतील. नट काढल्यावर दिवा ओढायचा नाही. एका हाताने आतून ढकलत दुसऱ्या हाताने बाहेरून पेलायचा. त्याला वीज पुरवणारा छोटा डबाही बरोबर घ्या, कारण तो नसेल तर नळी घरी पेटवून बघताच येणार नाही. डबा जोडूनच जंप पॅकवर पेटवा आणि टोकांशी काळसर पडली आहे का बघा. पेटलेला असताना तारांच्या जोडांना हात लावू नका. तिथे दाब हजारो व्होल्टचा असतो.

आता पुढचे दिवे. १९९५ आणि १९९६ च्या एलएससीत आणि १९९७-९८ च्या सगळ्या गाड्यांत एचआयडी, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारे, दिवे आहेत. अमेरिकी गाड्यांतले हे अगदी सुरुवातीचे एचआयडी, आणि ते डीसीवर चालतात. इतर गाड्यांचा एचआयडी बल्ब यात चालत नाही. म्हणून बल्ब, बॅलास्ट (बल्बला वीज पुरवणारा डबा), मधली वायर, कनेक्टर हे सगळं एका दमात, एका जोडीत घ्या. बॅलास्ट सोडून नुसता दिवा नेणारे पुढच्या महिन्यात बॅलास्ट शोधत फिरतात. १९९७-९८ च्या दिव्याला एक हमखास दुखणं आहे. आतल्या परावर्तकाचा चंदेरी मुलामा उष्णतेने मरतो. दिवा बाहेर काढायच्या आधीच समोरून टॉर्च मारा. बल्बच्या वरचा भाग धुरकट, तपकिरी किंवा सोललेला दिसला तर काच कितीही स्वच्छ असो, तो दिवा सोडा. चंदेरी भाग आरशासारखा असेल, तर बाकी सगळं विसरून आधी तो टॉवेलात गुंडाळा. धड जोडीला बाहेर शेकडो डॉलर मोजावे लागतात, यार्डात मात्र फलकावर लिहिलेलाच भाव लागतो.

थर्मासचा उपयोग

नोव्हेंबर ते मार्च इथे प्लॅस्टिक काचेसारखं कडक असतं. दाराचं पॅनेल, खांबावरचं आवरण, दिव्याच्या मागचे हुक ओढले की कट्कन तुटतात आणि तोच हुक नेमका पुन्हा मिळत नाही. मी जुनं फडकं कढत पाण्यात बुडवून, पिळून, हुकाच्या जागी दाबून धरतो. मनात शंभर आकडे मोजतो. मग ट्रिमची पट्टी हुकाच्या अगदी मुळाशी सरकवून हळूच फिरवतो. हुक दबतो, किंचित वाकतो आणि सुटतो. फडकं गार झालं की पुन्हा बुडवायचं. चार हुकांना दहा मिनिटं जातात आणि चारही वाचतात.

याहून मोठी युक्ती अशी की शिकायचं डाव्या बाजूवर आणि काढायचं उजव्या बाजूचं. ज्या बाजूचा भाग नको आहे तिथलं पॅनेल बिनधास्त मोडून आतले हुक, स्क्रू कुठे आहेत ते बघून घ्या. गाडी तशीही श्रेडरला जाणार. मग हव्या त्या बाजूला हात घाला. इतकं मोकळेपणाने मोडून बघायची मुभा घरच्या गाडीवर कधीच मिळत नाही.

हवेचं सस्पेन्शन

चाकांवरचे रबरी फुगे यार्डातून घेऊ नका. रबर तडकलेलं असतं आणि फुगे नवे बनून मिळतात. पुढे फुगा आणि शॉकअब्सॉर्बर एकाच तुकड्यात असतात, मागे वेगळे. घ्यायचे ते सोलेनॉइड (हवा सोडणारे-अडवणारे विजेचे व्हॉल्व्ह), उंची मोजणारे सेन्सर आणि त्यांच्या पट्ट्या, काँप्रेसर, नळ्यांचे सांधे.

सोलेनॉइड फुग्याच्या टोकाला खोचलेला असतो आणि आत अजूनही हवा कोंडलेली असू शकते. एकदम उपटला तर तो गोळीसारखा उडतो, म्हणून चष्मा लावा आणि तोंड बाजूला ठेवा. कनेक्टर सोडा. हवेच्या नळीची कॉलर आत दाबून धरून नळी सरळ ओढा. वरची धातूची क्लिप काढा. मग सोलेनॉइड घड्याळाच्या उलट दिशेला पहिल्या थांब्यापर्यंत फिरवा आणि सरळ बाहेर दुसऱ्या थांब्यापर्यंत ओढा. इथे थांबायचं. फुस्स आवाज सुरू होतो, आधी जोरात, मग सुईच्या भोकातून येतो तसा. तो पूर्ण थांबेपर्यंत हात तसाच धरून ठेवा. आवाज बंद झाल्यावरच पुन्हा उलट दिशेला फिरवून तिसऱ्या थांब्यातून बाहेर काढा. ओ-रिंग बघा. चपट्या झालेल्या असतील तरी सोलेनॉइड घ्या, रिंगा नव्या मिळतात.

काँप्रेसरला जोडलेल्या ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. नळी आधीच कुणी कापून ठेवली असेल आणि वर दोन पावसाळी आठवडे गेले असतील, तर ते दाणे कामातून गेले असं धरून चाला. तुम्ही स्वतः काढत असाल तर नळी सोडल्या क्षणी दोन्ही तोंडांना टेप लावा.

पंखा आणि बाकीचं

रेडिएटरचा एकच मोठा, सुमारे १८ इंची विजेचा पंखा हॉटरॉडवाल्यांमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या जोरदार बनवणाऱ्यांमध्ये, प्रसिद्ध आहे आणि तो बहुधा तुमच्या आधीच कुणीतरी नेलेला असतो. असलाच तर हाताने फिरवून बघा. खरखर नको आणि पात्याला तडा नको. कनेक्टर वितभर वायरीसकट कापून घ्या. दुसऱ्या गाडीत बसवणार असाल तर सुरू होतानाचा झटका साध्या ३०-४० अँपिअरच्या रिलेला झेपत नाही, त्याची सोय आधी करा.

कनेक्टरची ही गोष्ट सगळ्याच भागांना लागू आहे. तीस वर्षांत प्लॅस्टिकचा कनेक्टर ठिसूळ होतो आणि घरी जुन्याचे तुकडे होतात. त्यामुळे प्रत्येक भागाबरोबर समोरचा कनेक्टर वायरीसकट आणा. वायरी कशाला जातात ते नंतर कळावं म्हणून कापायच्या आधी फोटो काढा.

१९९७-९८ च्या आरशांखाली जमिनीवर उजेड पाडणारे दिवे आहेत, ते आरसे जोडीने घ्या. खिडकीची मोटर मात्र सोडून द्या. त्या काळच्या फोर्डच्या मोटारींत गिअरमधल्या प्लॅस्टिकच्या गुंडींचा भुगा होतो आणि त्या गुंड्या नव्या स्वस्तात मिळतात. एअरबॅगला हात लावू नका.

इंजिनवर काही काढणार असाल तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या पट्टीवरच्या छोट्या व्हॉल्व्हला फडकं लावून आधी दाब सोडा. टाकी रिकामी केलेली असते, नळीत पेट्रोल उरतं. अख्खं इंजिन काढणं हे दोन माणसांचं दिवसभराचं काम आहे. मस्टँग कोब्रावाले त्या इटलीत ओतलेल्या अॅल्युमिनियम ब्लॉकसाठी ते करतात. तुमची गाडी धड चालत असेल तर तुम्हाला त्याची गरज नाही. एल्डोराडोच्या नॉर्थस्टार इंजिनाच्या बाबतीत तर मी सरळ नको म्हणेन. हेडच्या बोल्टांचे अॅल्युमिनियममधले आटे निघून येतात आणि यार्डात उभ्या गाडीत ते आधीच गेले आहेत की नाही हे कळायचा मार्ग नाही.

न सुटणारा बोल्ट

आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, कारण घाणीवर तेल मुरत नाही. तेल टाका आणि दुसऱ्या कामाला लागा. अर्ध्या तासाने परत या. सहा कोनांचाच सॉकेट लावा, बारा कोनांचा डोकं गोल करतो. आधी केसभर आवळा, मग सोडा. गंजाची पकड आवळताना मोडते. थोडा सुटला की पुन्हा किंचित आवळा, पुन्हा सोडा. लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये असेल तर हे दुप्पट सावकाश. सुटलेला प्रत्येक बोल्ट, वायसर, क्लिप त्या त्या भागाच्या पिशवीतच ठेवा. जो भाग तुमचा नाही आणि मध्ये येतो आहे तो कापा, त्याच्यावर दया नको.

पैसे आणि घरी आल्यावर

यार्डाचा भाव भागाच्या प्रकारावर असतो, गाडीच्या दुर्मिळपणावर नाही. फलकावर टेललाइटचा एक भाव असतो, मग तो लाखांनी विकलेल्या गाडीचा असो की मार्क एटचा. काउंटरवर भागाचं साधं नाव सांगा. काही भागांवर कोअर चार्ज, म्हणजे जुन्या भागापोटी अनामत, लागतो. तुमचा जुना भाग दिलात तर ती अनामत परत मिळते, म्हणून पावती जपा.

घरी सोलेनॉइड १२ व्होल्टवर टिकटिक वाजतो का बघा. मग नव्या ओ-रिंगा घालून, हवा भरून साबणाच्या पाण्यात धरा. बुडबुडा आला नाही तर चांगला. दिव्यांच्या पाठीमागे ओल असेल तर आठवडाभर घरात उबेला ठेवा, ओव्हनमध्ये नाही. रबरी सील साध्या साबणाने धुवा, सिलिकॉन ग्रीस चोळा आणि घडी न घालता मोठ्या वेटोळ्यात टांगा. घडी पडली की तिथेच चिरतो. प्रत्येक पिशवीवर भागाचं नाव, बाजू, गाडीचं वर्ष आणि व्हीआयएनची सहावी ते दहावी स्थानं लिहा. माझ्या गॅरेजमध्ये अशा पंचेचाळीस पिशव्या आहेत. त्यातल्या दोन गेल्या महिन्यात ओहायोतल्या एका मार्क एटवाल्याला पाठवल्या, आणि वर्ष लिहिलेलं होतं म्हणूनच बरोबर आरसा त्याच्याकडे गेला.